‘या वयात कवळी पुरे’ म्हणणाऱ्यांना

बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेस रोडने आरपीडी क्रॉसकडे निघालं की दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचता वाचता रस्ता सरतो. बहुतेक पाट्यांवर ‘इम्प्लांट’ हा शब्द ठळक असतो आणि शेजारी तिशीतल्या एखाद्या बाईचा हसरा फोटो. इम्प्लांट तरण्यांचं आणि कवळी म्हाताऱ्यांची, ही वाटणी त्या फोटोपासूनच सुरू होते. पुढे ती घरात येते. पुण्याहून, बंगळूरहून, अमेरिकेहून मुलगा फोनवर म्हणतो, ‘आईला आता या वयात कशाला इम्प्लांट? कवळी आहे की.’ शेजारीपाजारी मान डोलावतात. आणि खुद्द आई म्हणते, ‘माझं काय राहिलंय आता? चालतंय तेवढं चालू दे.’

या मताला काळजीचा आव आहे, काटकसरीचाही आहे, म्हणून ते कुणी खोडून काढत नाही. मला ते साफ अमान्य आहे. सगळे दात गेलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारे टायटॅनियमचे स्क्रू, घालून त्यांच्यावर कवळी अडकवणं ही चैन नाही, तो किमान उपचार आहे. आणि आमच्या सीमाभागात जो उपचार सर्वांत आधी सुचवायला हवा तो सर्वांत शेवटी सुचवला जातो, बऱ्याचदा सुचवलाच जात नाही.

‘कवळी पुरे’ म्हणणाऱ्यांची पहिली गफलत अशी की ते वरच्या आणि खालच्या कवळीला एकाच मापाने मोजतात. वरच्या कवळीला टाळूचा भरभक्कम आधार असतो. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर बसतो, कडेने हवा शिरत नाही आणि कवळी चिकटून राहते. वरची कवळी घालून माणसं वीस-वीस वर्षं सुखाने जेवतात, भाषणं करतात, भजनात गातात. खालच्या जबड्याला टाळू नाही. तिथे कवळीला टेकायला वरच्यापेक्षा जवळजवळ निम्मीच जागा मिळते, तीही अरुंद कण्यासारखी. आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल आणि ओठ ढकलतात. बोलायला तोंड उघडलं की ती उचलते, घास एका बाजूला गेला की दुसऱ्या बाजूने वर येते.

त्यात खालचं हाड झिजत जातं. दात काढला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाचं काम संपतं आणि शरीर ते हाड विरघळवू लागतं. दात काढलेल्या जागी पहिल्या वर्षभरातच हाडाची रुंदी जवळपास निम्म्यावर येते. झीज तिथे थांबत नाही. कवळी वापरणाऱ्या माणसांचा पंचवीस वर्षं मागोवा घेणारा एक अभ्यास 1972 साली प्रसिद्ध झाला. खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या चौपट झिजतं असं त्यात दिसलं. म्हणजे साठाव्या वर्षी केलेली कवळी सत्तरीत सैल होते ती डॉक्टरने वाईट केली म्हणून नव्हे. ज्याच्यावर ती बसायची ते हाडच खाली गेलेलं असतं. मग नवी कवळी करायची, ती आणखी कमी हाडावर बसवायची, आणि पाच वर्षांनी पुन्हा तेच.

याचा घरात काय अर्थ होतो ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. कोणत्याही लग्नाच्या पंगतीत वयस्क बायकांच्या पानाकडे बघा. कोशिंबीर तशीच असते. उसळीतले दाणे बाजूला सारलेले असतात. पुरीचा मधला मऊ भाग खाल्लेला, कडा ठेवलेल्या. एखादी मावशी पदर तोंडाशी नेते, मान भिंतीकडे वळवते, खालची कवळी काढून रुमालात गुंडाळते आणि मग वरणभात कालवून घेते. वाढपी विचारतो, ‘आणखी काही?’ ती म्हणते, ‘नको रे बाबा, पोट भरलं.’ पोट भरलेलं नसतं. घरी ही कवळी स्टीलच्या डबीत पडून असते आणि पाहुणे आले की तोंडात जाते. खाण्यासाठी केलेली वस्तू दाखवण्यापुरती उरलेली असते. याला ‘कवळी आहे की’ म्हणतात.

पूर्ण कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. कवळी उत्तम असली तरीही. आमच्या जेवणात याचा हिशेब मांडा. जोंधळ्याची भाकरी, भाजलेल्या शेंगा, काकडी, मुळा, पेरू, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, मटण: या भागातलं जे जे कसदार आणि स्वस्त अन्न आहे त्या सगळ्याला चावावं लागतं. त्याच्या जागी येतो मऊ भात, चहात बुडवलेला टोस्ट, बिस्किट, शिरा, केळं. इथे ‘तिला शुगर आहे, इम्प्लांट कसं करणार?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो. मधुमेह म्हणून इम्प्लांट नको, आणि इम्प्लांट नाही म्हणून दोन्ही वेळ भात-बिस्किटं. साखर वाढवणारा आहार आपणच तिच्या तोंडी बांधून ठेवतो आणि वाढलेल्या साखरेचं कारण देऊन तिला दात नाकारतो.

इम्प्लांट ही काही कालपरवा आलेली टूम नाही. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क 1952च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना, हाड तिला धरून बसलेलं. ते मूळचे दातांचे डॉक्टर नव्हते, पण या चिवटपणाचं मोल त्यांनी ओळखलं. 1965 साली त्यांनी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवली. लार्सन 2006 साली वारले तेव्हाही ती कामात होती. म्हणजे हाडाशी जुळणाऱ्या या इम्प्लांटचा पहिला रुग्ण जन्मजात जबड्याच्या विकृतीने दात गमावलेला, खाता न येणारा माणूस होता, हसरा फोटो काढून घेणारा नव्हे. ज्याला चावता येत नाही त्याच्यासाठी ही विद्या जन्मली आणि पाटीवर आली ती भलत्याच्याच नावाने.

ज्याची मी वकिली करतो आहे तो उपचार कसा होतो ते एकदा सांगतो, कारण अर्धी भीती अज्ञानाची आहे. खालच्या जबड्यातून जाणारी संवेदनेची नस हनुवटीच्या दोन्ही बाजूंना, साधारण उपदाढांच्या खाली, हाडाबाहेर पडते. या दोन छिद्रांच्या मधला पुढचा भाग नसेपासून सुरक्षित असतो. तिथलं हाड दाट असतं, आणि मागचं हाड झिजून गेलं तरी पुढचं बरंचसं उरतं. पूर्वी जिथे सुळे होते तिथे एकेक, अशी दोन टायटॅनियमची इम्प्लांट घालतात. दात काढताना देतात तेच भुलीचं इंजेक्शन पुरतं. ड्रिल संथ फिरवतात आणि सलाइनची धार सोडत राहतात, कारण 47 अंशांवर मिनिटभर तापलं तरी हाडाच्या पेशी मरतात आणि मग हाड इम्प्लांटला धरत नाही. पुढे साधारण तीन महिने हाड जुळू देतात. त्यानंतर इम्प्लांटवर टिचबटणासारखा गोल माथा बसवतात आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्या बटणाची वाटी. कवळी दाबली की टक् आवाज येऊन बसते. रात्री स्वतःच्या हाताने काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. बहुतेक वेळा आहे ती कवळी चांगली असेल तर तिलाच या वाट्या बसवता येतात, नवी करावी लागत नाही.

एवढंच. सगळं तोंड उघडून दहा-बारा स्क्रू पिळायचे, असं जे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे असतं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आणि ही माझी एकट्याची हौस नव्हे. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एकमताने जाहीर केलं, की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला पहिला पर्याय म्हणून साधी कवळी देऊ नये, दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी द्यावी. 2009 साली इंग्लंडमध्ये यॉर्कच्या बैठकीत ब्रिटिश तज्ज्ञांनी त्याला दुजोरा दिला. मॅकगिलला वीस वर्षं होऊन गेली. आमच्याकडे अजून ‘या वयात कशाला’ इथेच गाडी अडलेली आहे.

आता वयाचं. इम्प्लांटला वयाची खालची मर्यादा आहे, जबड्याची वाढ पूर्ण व्हायला हवी म्हणून. वरची मर्यादा नाही. पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडलेल्यांमध्येही इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण तरुणांच्या जवळपास असतं. बघायचं असतं ते वेगळंच. साखर ताब्यात आहे का. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी आठच्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर आधी ती खाली आणायला सांगतात, आणि ती आटोक्यात असलेल्यांची इम्प्लांट इतरांसारखीच टिकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. जबड्याला कॅन्सरसाठी रेडिएशन झालं असेल तर फार जपून. आणि एक गोष्ट बायकांच्या बाबतीत हमखास सांगायची राहते: हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला घ्यायची गोळी किंवा वर्षाला घ्यायचं इंजेक्शन. या औषधांनी क्वचित जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर भरून येत नाही, सडू लागतं. गोळी ‘गुडघ्यांची’ म्हणून घेतलेली असते, दातांच्या डॉक्टरांना ती सांगावी हे कुणाच्या डोक्यात येत नाही. औषधांची पिशवीच्या पिशवी घेऊन जा.

हाताने नीट घासता येत नसेल, विसरायला होत असेल, तर तोही विचार करावाच. पण दोन बटणांची कवळी इथेही सोयीची पडते. पुढेमागे सांभाळणं जमेनासं झालं तर वरची बटणं काढून सपाट टोपण बसवतात आणि कवळी पूर्वीसारखी नुसती ठेवता येते. इम्प्लांटवर कायमच्या बसवलेल्या दातांना ही सोय नाही.

‘आमची आजी बिनदातांनी नव्वदी गाठून गेली’ हा युक्तिवाद प्रत्येक बैठकीत येतो. ज्या आज्या सत्तरीत खंगून गेल्या त्यांचं उदाहरण द्यायला कुणी बसलेलं नसतं. आणि त्या नव्वदीच्या आजीला एकत्र कुटुंबात कुणीतरी खलबत्त्यात सुपारी कुटून द्यायचं, भाकरी दुधात कुस्करून द्यायचं, शेंगांचं कूट करून द्यायचं. आज हिंदवाडीत, भाग्यनगरात, टिळकवाडीच्या गल्ल्यांत म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात. कुस्करून द्यायला मागे कुणी नाही.

पैशांचा मुद्दा खरा आहे, त्याला बगल देणार नाही. आमच्याकडे एका इम्प्लांटला कंपनीप्रमाणे आणि डॉक्टरप्रमाणे साधारण 20,000 पासून 50,000 पर्यंत सांगतात. दोन इम्प्लांट, बटणं आणि कवळी मिळून आकडा लाखाच्या आतबाहेर जातो. पुढे खर्च अगदीच नाही असंही नाही. वाटीतलं नायलॉनचं कडं झिजतं, ते वर्षा-दोन वर्षांनी बदलावं लागतं. पण ज्या घरात नातीच्या बारशाला तोळ्याची साखळी घेताना कुणी ‘या वयात कशाला’ म्हणत नाही, त्या घरात आजीच्या चावण्याचा प्रश्न आला की पैशांची तंगी होते, हे मला पटत नाही. ज्या घरात खरंच तोळाभर सोनं कधी आलं नाही, त्यांच्याकडे मी आता वळतो. या वादाचं खरं मैदान तिथे आहे.

बेळगावहून निपाणी पंचाहत्तरेक किलोमीटर. निपाणी म्हटलं की तंबाखू. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबार झाला, शेतकरी मेले, आणि निपाणीचं नाव देशभर गेलं. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांनीही संघटना बांधून मजुरीसाठी मोठे लढे दिले. तंबाखूचा भाव, तंबाखूची मजुरी, तंबाखूवरचा कर, यावर या गावाने देशाला बोलायला लावलं. तंबाखूने खाल्लेल्या दातांवर कुणी बोललं नाही.

मिसरी कशी करतात ते या भागात सांगावं लागत नाही. तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा. पहाटे चूल पेटायच्या आधी बोटाने हिरड्यांवर घासायची, तोंडात धरून बसायचं. दात दुखला की मिसरी, पोट साफ होत नाही म्हणून मिसरी, वखारीत उभं राहून कंबर भरून आली की मिसरी. ठणका थोडा वेळ बधिर होतो हे खरं, आणि तेवढ्या वेळात हिरडी दातापासून सुटत जाते. केंद्र सरकारने 1992 साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. कारखान्याच्या डबीला ती लागू झाली, घरच्या तव्याला नाही. पन्नाशीच्या आत दात हलू लागतात, एकेक काढला जातो, आणि साठीला खालचा जबडा मोकळा होतो.

इथे माझ्या विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा येतो आणि तो चांगल्या, कळकळीच्या लोकांकडून येतो. ते म्हणतात: जिथे तंबाखू सुटत नाही तिथे इम्प्लांट म्हणजे पैसा पाण्यात, आणि सरकारी पैसा लावायचाच असेल तर तो दात जाऊ नयेत म्हणून लावा, गेलेल्या दातांवर नको.

पहिल्या अर्ध्याचं उत्तर. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, हे खरं. पण दुप्पट कशाच्या? खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातली शंभरातली पंच्याण्णवहून अधिक इम्प्लांट दहा वर्षं टिकतात. शंभरात तीन-चार जायची तिथे सहा-आठ गेली, तरी नव्वदहून जास्त टिकली. कोणत्या उपचाराला आपण याहून जास्त खात्री मागतो? शिवाय बीडी ओढणाऱ्याचं बायपास करताना ‘आधी बीडी सोड, मग बघू’ म्हणून कुणी वर्षभर ताटकळत ठेवत नाही. बीडी सोडायला सांगतात, मदत करतात, आणि ऑपरेशनही करतात. मिसरीवाल्या बाईच्या वाट्याला मात्र फक्त उपदेश. मी तर म्हणतो, मिसरी सोडवण्याची याहून चांगली संधी तिला आयुष्यात मिळणार नाही. आजवर तिला सांगितलं गेलं की सोड, नाहीतर दात जातील, दात गेलेच. आता सांगता येतं की सोड, तर भाकरी चावता येईल. आणि इम्प्लांटच्या निमित्ताने ती दर सहा महिन्यांनी दवाखान्याच्या खुर्चीत बसेल, तेव्हा गालाच्या आत कॅन्सरची चाहूल देणारा पांढरा किंवा लाल चट्टा उमटलाय का हेही बघितलं जाईल. 2016-17च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात कर्नाटकातले 22.8 टक्के आणि महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. या दोन्हींच्या सीमेवरच्या तंबाखूच्या गावात तोंड वेळेवर उघडून बघणारं कुणी असणं हेच जीव वाचवणारं आहे.

दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर: प्रतिबंध हवाच. जपानने 1989 साली ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी मोहीम काढली. तेव्हा ते स्वप्नरंजन वाटलं असेल. 2016 सालच्या पाहणीत ऐंशीच्या घरातल्या निम्म्याहून अधिक जपानी माणसांच्या तोंडात वीस दात होते. असं काही निपाणीच्या, चिकोडीच्या, खानापूरच्या शाळांतून सुरू होणार असेल तर मी त्याच्या दारात पहिला उभा असेन. पण त्याचं फळ आजच्या दहा वर्षांच्या मुलीला तिच्या साठीत मिळेल. आज जी साठीची आहे तिच्या बाबतीत प्रतिबंधाची वेळ केव्हाच टळून गेली. नातीचे दात वाचवायचेत म्हणून आजीने चावायचं सोडावं, हा न्याय मला मान्य नाही.

एका बाबतीत मी विरोधकांच्या बाजूला उभा आहे. ‘सगळा डॉक्टरांचा धंदा आहे’ असं लोक म्हणतात, ते हवेतून आलेलं नाही. हलणारा पण वाचवता येणारा दात उपटून त्या जागी इम्प्लांट घालणं, ‘आयुष्यभराची गॅरंटी’ छापणं, मागची शेवटची दाढ नाही म्हणून घाबरवणं, हे चालतं आणि ते निंद्यच आहे. आयुष्यभराची गॅरंटी कुणी देऊ शकत नाही. इम्प्लांटभोवती हिरडी आणि हाड सडण्याचा आजार दर पाच रुग्णांतल्या साधारण एकाला कधी ना कधी गाठतो. एका दाताची फट भरायची असेल तर इम्प्लांटवरचा दात आणि शेजारच्या दातांना धरून बसवलेला साधा ब्रिज, दोघंही दहा वर्षांनी सारख्याच प्रमाणात, शंभरातले एकोणनव्वदच्या आसपास, टिकलेले दिसतात. 2007 सालच्या मोठ्या आढाव्यातला हा आकडा आहे. प्रत्येक फट भरायलाच हवी असंही नाही. नेदरलँड्सच्या निमेगन विद्यापीठातले आर्न्ड कायसर यांनी 1981 सालीच दाखवून दिलं होतं, की मागच्या दाढा नसल्या तरी पुढचे वीसेक दात शाबूत असलेल्या माणसाचं बहुतेक सगळं नीट चालतं. म्हणून चाळिशीतल्या ज्या गृहस्थाला एक दाढ नाही, त्याने इम्प्लांट केलं काय, ब्रिज केला काय, किंवा काहीच केलं नाही काय, फार बिघडत नाही. पाट्या त्याच्यासाठी आहेत. ज्याचं खरोखर बिघडतं, तो खालच्या मोकळ्या जबड्याचा म्हातारा माणूस, त्याच्यासाठी एकही पाटी नाही. धंद्याचा राग असेल तर तो इथे काढा. धंदा नको म्हणून औषधच नको, हा त्या आजीवर उगवलेला सूड होईल.

आता सरकारकडे. कर्नाटक सरकारने सुमारे दहा वर्षांपूर्वी ‘दंतभाग्य’ योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या, सगळे दात गेलेल्या ज्येष्ठांना दंतमहाविद्यालयांमार्फत मोफत कवळी. चांगली योजना आहे, मी तिचं मनापासून स्वागत करतो. इतर किती राज्यांनी म्हाताऱ्यांच्या तोंडाचा एवढा तरी विचार केला? पण ती कवळीपाशी थांबते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे खालच्या जबड्याचा प्रश्न सुरू होतो. नेदरलँड्समध्ये दात नसलेल्या आणि हाड फार झिजलेल्या माणसाच्या इम्प्लांटवरच्या कवळीचा खर्च सक्तीच्या आरोग्य विम्यातून होतो. खालच्या कवळीला रुग्णाला जेमतेम दहावा हिस्सा भरावा लागतो. तो श्रीमंत देश आहे, कबूल. पण आपल्याकडेही हे अशक्य का म्हणायचं? दिल्लीच्या मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेने आणि आयआयटी दिल्लीने मिळून देशी इम्प्लांट तयार केलं, ते खर्च खाली आणण्यासाठीच. बेळगावात एक सोडून दोन डेंटल कॉलेजं आहेत: 1985 पासूनचं नेहरूनगरातलं केएलईचं आणि बॉक्साइट रोडचं मराठा मंडळाचं. कवळी शिकणारे, शस्त्रक्रिया शिकणारे पदव्युत्तर विद्यार्थी तिथे आहेत, शिकवणारे अनुभवी हात आहेत, एक्स-रेची यंत्रं आहेत. ‘दंतभाग्य’मध्ये ज्यांना कवळी दिली आणि ज्यांच्या खाली ती बसतच नाही, एवढ्यांपुरती तरी दोन इम्प्लांटची तरतूद करा. सगळ्यांना एकदम द्या असं मी म्हणत नाही. सुरुवात तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या बायकांपासून करा. त्यांच्या घामावर तिजोरीत किती वर्षं कर जमा होतो आहे.

ही मागणी कुणी करायची? सीमाभागात मराठी माणसाच्या मागण्या कमी नाहीत, मोर्चे कमी नाहीत. त्या यादीत म्हाताऱ्यांचे दात कधी आले नाहीत. यावेत. आणि सोबत एवढंही यावं की शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद आणि घरी पाळायच्या सूचना रुग्णाला वाचता येणाऱ्या भाषेत, मराठीतही, छापलेल्या मिळाव्यात. जिला सही करायची आहे तिला कशावर सही केली ते कळलं पाहिजे. निपाणीची माणसं दवाखान्यासाठी बेळगावपेक्षा जवळच्या कोल्हापूरलाच जातात. तेव्हा इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, किती मापाचं, कधी बसवलं, हे लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या हाती द्यावं. नाहीतर उद्या बटण झिजलं की दुसऱ्या राज्यातला डॉक्टर नुसता बघत बसतो.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. घरात आईची, सासूची, मावशीची खालची कवळी डबीत पडून असेल, तर या महिन्यात तिला दवाखान्यात घेऊन जा, औषधांच्या पिशवीसकट. डॉक्टरांना नेमकं विचारा: ‘खाली पुढच्या भागात दोन इम्प्लांट घालून हीच कवळी अडकवता येईल का?’ सगळ्या जबड्यात कायमचे दात बसवण्याचा लाखो रुपयांचा हिशेब पुढे आला तर तो ऐकून घ्या आणि हाच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर नाही असेल तर का नाही ते विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. हे सगळं तिच्या समोर बोला, आणि करायचं की नाही ते तिला ठरवू द्या. ती ‘माझं काय राहिलंय आता’ म्हणेल. ते ऐकून गप्प बसू नका.